विहिणीपुढे पोहा

रिओ, सोमवार

ती. अक्का,

पायांवर डोकं ठेवते. आम्ही सुखरूप आहोत, हवाही मानवली. तुझे गुडघे कसे आहेत?

अक्का, काल मी जिंकले! इथे आल्यापासून रजतच्या सासरी मी नुसती हसून बसायचे. काल जेवताना विहीणबाईंनी विचारलं, "तुम्ही घरी दिवसभर काय करता?" रजत भाषांतर करायला सरसावला, तर मी त्याला गप्प केलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर उभं करायच्या तशी उभी राहिले. इथे गुपचूप शिकलेल्या पोर्तुगीजमध्ये, पोह्यांचा हॉटेलातल्यासारखा 'पोहा' करून, म्हणाले, "मी रोज सकाळी पोहा खाते."

एकदोघांना ठसकाच लागला! सूनबाई कानात पुटपुटली, "आई, पोहा ही इथली घाणेरडी शिवी आहे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. पण तेव्हा खाली बसले असते, तर पुन्हा कधी तोंड उघडलं नसतं. म्हणून तशीच पुढे बोलले: दुपारी पेटी वाजवते, संध्याकाळी बहिणीबरोबर राजवाड्यापर्यंत फिरते.

विहीणबाईंना हसून हसून पाणी आलं डोळ्यांत. मला मिठी मारून म्हणाल्या, "उद्या ती शिवी मलाही खाऊ घाला!"

आणि हे मला रजतला न विचारता कळलं.

तुझीच,
अंबू