उजवीकडची बटणं

आई,

आज दुपारी नवे इयरबड कानात घातले, तर फोनमधल्या ॲपने आधी माझ्या कानांचीच परीक्षा घेतली. एका कानात बारीक शिट्टी वाजते, मग दुसऱ्या कानात, आणि ऐकू आली की स्क्रीनवर बोट टेकवायचं. शिट्टी बारीक होत जाते आणि शेवटी शेवटी ती खरंच वाजते आहे की आपल्यालाच तसं वाटतंय हे कळेनासं होतं. परीक्षा संपल्यावर ॲपने एक वाकडीतिकडी रेघ काढली आणि सांगितलं की तुमच्या कानांना मानवेल असा आवाज लावून दिला आहे. एवढं सोपं झालंय आता. पलंगावर बसल्या बसल्या मला तुझा इतका राग आला की बड काढून मी उशीवर टाकून दिले. कारण तू ही परीक्षा कशी दिली असतीस ते मला दिसत होतं. काही ऐकू आलं नसतं तरी तू हसत हसत सारखं बोट टेकवत राहिली असतीस.

तू गेल्याला इतकी वर्षं झाली, तरी हा राग काही शिळा होत नाही. मेलेल्या माणसावर रागवू नये असं सगळे म्हणतात. तसं म्हणणाऱ्यांपैकी कुणी तुझ्याशी ओरडून बोलत लहानाचं मोठं झालेलं नाही.

सातपूरच्या त्या वर्कशॉपमध्ये तू लागलीस तेव्हा मी शाळेत जायला लागले होते. नाना पिंपळगावहून द्राक्षांचा टेम्पो घेऊन मुंबईला जायचे, घरी कमीच असायचे. शाळा सुटली की मी चावी घ्यायला तुझ्याकडे यायचे. पत्र्याच्या त्या लांब शेडमध्ये प्रेसच्या मशिनी एका ओळीत, आणि प्रत्येक ठोक्यासरशी खालची फरशी हलायची. तू त्यांच्या अगदी समोर फळकुटावर बसून वॉशर निवडायचीस, खराब एकीकडे, चांगले एकीकडे. मी दारातच कानांवर हात ठेवून उभी राहायचे आणि तू मला हसायचीस. तुमच्यापैकी कुणाच्याच कानात काही नसायचं. एकदा तपासणीसाठी साहेब येणार होते, तेव्हा शेठने सगळ्या बायकांना कानात घालायला पिवळे बोळे वाटले आणि साहेबांची गाडी गेल्यावर परत गोळा केले. ही गोष्ट तू घरी येऊन गंमत म्हणून सांगितलीस. मला शेठचा राग येतोच, पण त्याहून जास्त राग त्या हसण्याचा येतो. एक बोळा पदरात लपवून आणला असतास तर काय झालं असतं?

मग आपल्या घरात 'काय?' सुरू झालं. मी ओट्याजवळ उभी राहून काही सांगते आहे, तू भाकरी थापते आहेस, आणि मध्येच मान वर करून म्हणतेस, "काय म्हनली? तोंडातल्या तोंडात नको बोलू." पुन्हा सांगितलं की म्हणायचीस, "आजकालच्या पोरींना बोलायचंच शिकवत नाय शाळेत." मला कितीतरी वर्षं वाटायचं की माझ्याच जिभेत काहीतरी खोट आहे. शाळेत बाई म्हणायच्या, ओरडू नकोस, आणि घरी तू म्हणायचीस, पुटपुटू नकोस. मला पहिल्यांदा पाळी आली तो दिवस तुला आठवतो का? मी घाबरून स्वयंपाकघरात आले आणि तुझ्या कानाशी हळूच सांगितलं. तू म्हणालीस, काय? मी पुन्हा सांगितलं. काय? तिसऱ्यांदा मी रडत रडत ओरडले आणि भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंच्या घरातली भांडी थांबली. त्यांचा मोठा मुलगा माझ्याच वर्गात होता. त्यानंतर मी तुला हळू सांगायच्या गोष्टी सांगितल्याच नाहीत.

त्या दिवाळीला बोनस झाला तेव्हा तू मला वॉकमन आणलास. मी मागितला नव्हता. मेन रोडवरून पिशवीत घालून आणलास आणि माझ्या पुढ्यात ठेवून म्हणालीस, "घे. आता घरात गान्याचा गोंगाट नको." त्याच्या पाठीवर पाच छोटी बटणं होती, वर-खाली सरकणारी. डावीकडची सरकवली की ढोलक पोटात वाजायचं, उजवीकडची सरकवली की झांजा अंगावर यायच्या. ती बटणं सरकवण्यात माझ्या सुट्या गेल्या. मला आवाज कसा आवडतो हे मला तिथेच कळायला लागलं. डावीकडची दोन्ही थोडी वर, मधलं जागेवर, उजवीकडची दोन्ही जरा खाली. गाणारी बाई जवळ येऊन बसल्यासारखी व्हायची, ओरडायची नाही. घरात कुणीतरी माझ्याशी न ओरडता बोलत होतं. पण मी शाळेतून यायचे तेव्हा बटणं हललेली असायची. उजवीकडची पार वरच्या टोकाला आणि आवाजाचं चाक शेवटापर्यंत फिरवलेलं. कानात लावलं की सुई टोचल्यासारखं व्हायचं. तू माझ्या वस्तूला हात लावतेस आणि बिघडवून ठेवतेस म्हणून मी भांडायचे. तू म्हणायचीस, "मी कशाला हात लावू? मला काय ते लावता येतं?"

लावता येत होतं, आई. दुपारपाळी असली की सकाळी घरात एकटी बसून तू ती बटणं सरकवायचीस, गाण्यातलं काहीतरी ऐकू येईपर्यंत. म्हणजे तुला माहीत होतं. माझं पुटपुटणं, बातम्या देणाऱ्याचं पुटपुटणं, भाजीवालीचं पुटपुटणं, हे सगळं खोटं आहे हे तुला मी दहावीत जायच्या आधीपासून माहीत होतं. माझा खरा राग हाच आहे. बहिरेपणाचा राग कोण करेल?

पुढे मी पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसच्या ऑफिसात लागले, दिवसभर फोनवर. पहिल्या पगारांतून एमपीथ्री प्लेयर घेतला आणि रबरी टोप्यांचे, कानात घट्ट बसणारे इयरफोन. त्यात बटणं नव्हती, स्क्रीनवर उभ्या पट्ट्या होत्या, आणि बोलणंही रेकॉर्ड व्हायचं. एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी तुला मोरीजवळच्या पाटावर बसवलं आणि इयरफोन तुझ्या कानात घातले. तू नको नको म्हणालीस, पण बसलीस. तुला आवडणारं एक जुनं भावगीत लावलं आणि उजवीकडच्या पट्ट्या एकेक करून वर न्यायला लागले. माझ्या कानांना सोसलं नसतं तिथपर्यंत नेल्या, आणि तुझा चेहरा बदलला.

"थांब," तू म्हणालीस. "हे मागं काय वाजतंय?"

"टाळ आहेत." मी मोठ्याने सांगितलं.

"पहिल्यापासून हायेत?"

"पहिल्यापासून."

तू गाणं पुन्हा लावायला सांगितलंस. पुन्हा. डोळे मिटून तू बोटाने मांडीवर टाळांचा ठेका धरला होतास आणि मला इतका आनंद झाला की काय करू नि काय नको असं झालं. मी प्लेयर काढून घेतला, तोंडाशी धरला आणि माझ्या नेहमीच्या आवाजात, न ओरडता बोलले, "आई, चहा टाकू का? आलं घालू की गवती चहा?" तेवढंच. ते तुझ्या कानात लावलं. तू लक्ष देऊन ऐकलंस. मग माझ्याकडे बघून विचारलंस, "कोन हाय ही बाई?"

"मी आहे, आई."

"तुझा आवाज असा नाय."

"हाच आहे. तू स आणि च ऐकतच नाहीस, म्हणून तुला वेगळा वाटतो."

तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. मग इयरफोन ओढून काढलेस आणि वायर माझ्या मांडीवर टाकलीस. "ठेव ते तिकडं. डोकं दुखतंय." मी मागे लागले. डॉक्टरकडे जाऊ, मशीन घेऊ, आता बारीक मशिनी मिळतात, दिसतही नाहीत. तू भांडी घासायला बसलीस, पाठ माझ्याकडे करून, म्हणजे मी काहीही बोलले तरी तुला ते ऐकू येणार नाही. शेवटी मी पुढे जाऊन बसले तेव्हा म्हणालीस, "कानात मशीन घातलं का शेठ दुसऱ्या दिवशी घरी बसवील. आन तुझं लगीन व्हायचंय अजून. बहिरीची पोर म्हनत्याल, तुझे पोरंबी बहिरे व्हत्याल म्हनत्याल. तवा काय करशील?"

"मी बघेन काय करायचं ते."

"मला समदं ऐकू येतं," तू म्हणालीस, आणि नळ सोडलास.

त्यानंतर तू इयरफोनला हात लावला नाहीस. टाळ ऐकू आलेल्या माणसाला पुन्हा टाळ ऐकावेसे वाटत नाहीत, हे मला आजही समजत नाही. लग्न माझं झालं, आणि सासरी कुणी तुझ्या कानांबद्दल एक शब्द विचारला नाही. तेवढ्यासाठी तू स्वतःला त्या पाटावर कायमचं बसवून ठेवलंस.

छातीत दुखतंय म्हणून तुला दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी माहेरी येऊन राहिले होते. दुसऱ्या दिवशी मी खाली औषधं आणायला गेले आणि तेवढ्यात डॉक्टरांची फेरी झाली. वर आले तर तू पदर नीट करून बसलेली. "काय म्हणाले डॉक्टर?" मी ओरडून विचारलं. "बरं हाय म्हनले. घरी सोडत्याल." आणि खरंच सोडलं. तू आनंदात होतीस. रिक्षात दंड चोळत होतीस, तर मी विचारल्यावर म्हणालीस, खोकी उचलून भरून आलाय. घरी आल्यावर तू दोन दिवसही राहिली नाहीस.

नंतर कागद आणायला दवाखान्यात गेले, तेव्हा तुझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाई अजून तिथेच होत्या. त्यांनी माझा हात धरून सांगितलं की डॉक्टर तुझ्या उशाशी उभे राहून विचारत होते, कळ हातात उतरते का, दंडात येते का, पुन्हा पुन्हा विचारत होते. त्यांच्या तोंडावर मास्क होता. "तुझी आई नुसती हसून बरं हाय, बरं हाय म्हणत होती गं. मला वाटलं, असेल बरं." मी घरी आले आणि तुझ्या फोटोसमोर उभी राहून इतकी ओरडले की नाना बाहेरून आत आले. ते म्हणाले, "ती गेली, आता कोनाला सांगती?" मी म्हटलं, हिला जिवंत असताना तरी कुठे सांगता आलं.

एकदा, फक्त एकदा 'मला ऐकू येत नाही' म्हणाली असतीस. डॉक्टरांनी मास्क खाली केला असता, कागदावर लिहून विचारलं असतं. मी खालून येईपर्यंत ते थांबले असते. तुला त्या चार शब्दांची लाज वाटली आणि मरायची वाटली नाही.

हे सगळं मी कागदावर लिहिते आहे, कारण बोलायला लागले की आवाज चढतो. कागद कुणाच्या हाती द्यायचा नाही. एक गोष्ट मात्र मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. तुझं दहावं-तेरावं आटोपलं, पाहुणे गेले, नाना टेम्पोवर गेले आणि एक दुपार मी आपल्या घरात एकटी होते. टीव्ही बंद होता. आतून कुणी 'काय?' म्हणत नव्हतं. मी फरशीवर आडवी झाले, इयरफोन घातले आणि सावकाश, एकेक पट्टी सरकवत, मला हवा तसा आवाज लावला. कुणासाठी काही बदलावं लागलं नाही. संध्याकाळपर्यंत मी तशीच पडून गाणी ऐकत होते, आणि मला फार बरं वाटत होतं.