कर्ज : काही नाही

प्रिय बाबा,

तुम्ही गेलात त्याला आठ महिने झाले. पत्र लिहावंसं वाटलं नाही असं नाही, तुमच्याशी बोलायला तोंडच नव्हतं. आज दुपारी सुलोचना मावशींकडे जाऊन आले. आता मात्र लिहायलाच हवं.

वेस्ट विंडसरच्या या घरात चार वर्षं त्या रोज सकाळी नऊला यायच्या. तुमची आंघोळ, औषधं, मऊ भात, सगळं त्यांच्याकडे. मी आणि सुहास ऑफिसला, रिया शाळेत; दिवसभर तुम्ही दोघंच. पगाराचं पाकीट मी तुमच्या हातात द्यायचं, असा तुमचा हट्ट! "काळजी माझी घेतात, तर पैसे माझ्याच हातून जाऊ देत."

त्यातले निम्मे मावशी परत तुमच्याकडेच ठेवायला देत होत्या, हे मला कुठे माहीत होतं?

कळलं ते तुम्ही जायच्या आठवडाभर आधी. मी धुतलेले कपडे घेऊन जिना चढत होते. तुमच्या खोलीचं दार उघडं होतं. तुम्ही म्हणत होतात, "सुलोचनाबाई, अडीच वर्षांचा तुमचा निम्मा पगार माझ्या खात्यात पडून आहे. विसरू नका."

"राहू द्या साहेब. हातात आला की जावई मागतो. तुमच्याकडं आहे म्हणून माझा आहे."

मी पाय न वाजवता परत खाली गेले. तुमच्या दोघांमधलं काहीतरी चोरून ऐकल्यासारखं वाटलं. वाटलं, बाबा सांगतील सावकाश. पण सावकाश सांगायला तुम्ही राहिलाच नाहीत.

रागावू का थोडी? पस्तीस वर्षं बँकेत काढलीत तुम्ही! लोकांच्या सह्या भिंग लावून तपासल्यात. आणि स्वतःला चार ओळी लिहून ठेवता आल्या नाहीत? मृत्युपत्राचा विषय काढला की हसायचात. "माझ्याकडे आहे काय? एक रेडिओ आणि दोन स्वेटर. रेडिओ तुला, स्वेटर दादाला."

दादा बॉथेलहून आला होता. तेराव्यानंतर डायनिंग टेबलाशी बसून म्हणाला, "नीलू, मला काही नको. बाबांचं अकाउंट तू ठेव. सुहासचा जॉब गेलाय, रियाचं कॉलेज तोंडावर आलंय, मला दिसत नाही का?" मला रडू आलं. मग त्याने सहज विचारलं, "कुणाचं काही देणं नाहीये ना बाबांकडे?"

"नाही," मी म्हणाले.

एक शब्द, बाबा. तो म्हणायला मला काही वेळ लागला नाही.

कौंटीच्या ऑफिसने तुमच्या मागच्या सगळ्याची जबाबदारी माझ्यावर सोपवली. फॉर्मवर तुमच्या वस्तूंची यादी केली. घड्याळ, रेडिओ, आईची सतार, बँकेतलं खातं. कर्जाच्या रकान्यात लिहिलं, 'काही नाही'. खाली शपथेवर सही केली.

तीन आठवड्यांनी मावशी आल्या. सोफ्यावर बसल्याच नाहीत. "ताई, साहेबांकडं माझं थोडं होतं."

"बाबा मला काही बोलले नाहीत, मावशी."

खरंच होतं ना ते? मला कुठे काय बोलला होतात तुम्ही! अशी सोय लावून घेतली मी मनाची. त्या "बरं" म्हणाल्या, दाराशी वाकून सावकाश चपला घातल्या आणि गेल्या.

माझं काम तर तुम्हाला ठाऊकच आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीची इथली मृत्युपत्रं वाचायची, नीट उतरवून घ्यायची. जेवताना तुम्ही विचारायचात, "आज कोण गेलं?" आणि मी सांगायची, कुणाच्या मागे किती गाद्या राहिल्या, कुणाकडे कुणाचं देणं. तुम्हाला त्या यादीतल्या भांड्यांची फार मजा वाटायची.

जूनमध्ये माझ्याकडे एका पिंपं बनवणाऱ्या माणसाचे कागद आले. घरात पिसांची गादी, कथलाच्या तीन थाळ्या, लोखंडी कढई, एक म्हातारी घोडी. त्याने मृत्युपत्र लिहिलंच नव्हतं. तापात होता, शुद्ध येत-जात होती. जे काही होतं ते तोंडीच बोलला, आणि ऐकणाऱ्या दोघींनी नंतर अधिकाऱ्यासमोर शपथेवर सांगितलं. एक शेजारीण, दुसरी त्याची स्वतःची मुलगी. घरात काम करणाऱ्या हॅनाचा दोन वर्षांचा पगार द्यायचा राहिलाय, आधी तो चुकता करा, असं बाप म्हणाला होता. तो पगार दिल्यावर त्या मुलीच्या वाट्याला काय उरणार होतं? फार तर गादी. तरी तिने सांगितलं. लिहिता येत नव्हतं, म्हणून नावाच्या जागी फुली मारली.

मला लिहिता येतं, बाबा.

त्या दिवशी घरी येऊन सुहासला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "देऊन टाक यार. रियासाठी लोन काढू." दादाला फोन केला. त्यालाही सांगितलं.

"म्हणजे तू माझ्याशी खोटं बोललीस?"

"हो."

"मी सगळं तुलाच देत होतो नीलू. तरीसुद्धा?" आणि त्याने फोन ठेवला. दोन महिने झाले, त्याचा फोन नाही. मी केला तरी उचलत नाही.

कौंटीच्या ऑफिसात पुन्हा गेले. मी कुठे उभी होते, काय ऐकलं, सगळं लिहून दिलं. तुमच्या खात्यात दर महिन्याला तेवढीच रक्कम भरलेली सापडली. मावशींच्या तोंडचा आकडा आणि खात्यावरून मी काढलेला आकडा एकच निघाला. त्यांच्याकडेही कागद नव्हता, सगळं डोक्यात.

आज चेक घेऊन गेले. मावशींनी तो दोन्ही हातांनी घेतला, नाव वाचलं. "आता माझ्या नावाचं खातं काढलंय मी," म्हणाल्या. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ताई, त्या दिवशी तुम्ही जिन्यात होता. मला दिसला होता."

"मग मी नाही म्हटलं तेव्हा का बोलला नाहीत?"

"काय बोलणार? साहेबांच्या लेकीला तिच्याच घरात खोटी म्हणू?"

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, ती 'हो' म्हणून की 'राहू दे' म्हणून, मला कळलं नाही. घोटभर चहा घ्या, असंही म्हणाल्या नाहीत. चार वर्षं माझ्या घरात चहा करणाऱ्या मावशी! गाडीत बसून रडले. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात? की काहीच न बोलता पेपर उघडून बसला असतात?

काल रियाने विचारलं, "ममा, व्हाय आर वी टेकिंग अ लोन? आय थॉट आजोबांनी मला पैसे ठेवलेत." मी म्हटलं, नंतर बोलू.

ते नंतर आता उद्यावर आलंय. बाबा, वचन देते. उद्या सकाळी तिला समोर बसवून सांगेन, की ते पैसे मावशींचे होते, मला ते माहीत होतं, आणि तिची आई मामाशी, मावशींशी आणि शपथेवर कौंटीच्या ऑफिसातही खोटं बोलली. आजोबा विसरले होते, असं तुमच्यावर ढकलणार नाही. ती मला काय म्हणेल ते म्हणो.

तुमची,
नीलू