नायिकेने शाल परत का केली

धायरी, रविवार, ऐन थंडीतला

सगळ्यांबरोबर मीही हसले, त्याचाच जास्त राग येतोय.

आज सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर माझी कॉलेजपासूनची लाडकी कादंबरी होती. शेवटी नायकाने खांद्यावर टाकलेली शाल नायिका परत करते, एक शब्द न बोलता. का? माझा नवरा, अविनाश, म्हणाला, "माज! दुसरं काय?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. कारण मला बघायला आला होता तेव्हा मी त्याला हाच प्रश्न विचारला होता. पोह्यांची बशी हातात धरून तो म्हणाला होता, "शाल तिला हवीच होती. फक्त आधी कुणी विचारायला हवं होतं." त्या एका उत्तरावर मी लग्नाला हो म्हटलं.

चारचौघांत आठवण करून दिली, तर खो खो हसला. "अगं, ते नीलाने माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं!"

नीला. त्याची बहीण, माझी वर्गमैत्रीण. कॉलेजच्या कँटीनमध्ये ते उत्तर मीच तिला ऐकवलं होतं. म्हणजे मी भाळले ती माझ्याच वाक्यावर? आणि ही बहीण-भावंडं इतकी वर्षं गप्प! नीलाला फोन करून विचारू का? काय म्हणेल, "संसार झाला ना नीट?" झाला की.

परतताना गारठा होता. अविनाशने माझ्या खांद्यावर शाल टाकली. न विचारता.

मी ती घरापर्यंत पांघरून आले. थंडी फार होती.