कँटीनमधला वजनकाटा

प्रिय चिमणे,

फोनवर बोलायला गेले की तोंडातून नुसत्या शिव्याच बाहेर पडतात, म्हणून लिहायला बसले. आपल्या औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्याची मला इतकी शिसारी आली आहे की कँटीनमध्ये घास गिळवत नाही.

गेल्या आठवड्यात तिथं आरोग्य सप्ताह झाला. मधोमध वजनकाटा मांडलेला आणि आपला सुपरवायझर, तोच तो बोका, पॅकिंगच्या बायकांची वजनं माईकवरून वाचून दाखवत होता. रात्रपाळीतली एक पोरगी चढली, तर म्हणाला, "जपून गं, काटा नवा आहे!" पुरुष टेबलं बडवून हसले. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तुलाही हा असाच वजनावरून सगळ्यांसमोर 'कोंबडी' म्हणायचा. आठवलं आणि अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाई मात्र उठल्या. म्हणाल्या, शरीराला स्वतःचं घड्याळ असतं. रात्री ते झोपेच्या तयारीला लागतं, तेव्हा खाल्लेलं दिवसासारखं पचत नाही. झोप मोडली की भूकही खवळते. दर आठवड्याला कामाची पाळी बदलून ते घड्याळ उलटंपालटं केलं, तर पूर्वीइतकंच खाऊनही वजन वाढू शकतं. "काटा कसला मांडताय? आधी पाळ्यांचा तक्ता दाखवा."

तळलेल्या माशाचा तुकडा चघळत बोका म्हणाला, "अहो बाई, तोंडावर ताबा नको का?" त्याच्या हनुवटीवरून तेल ओघळत होतं, आणि शेजारी मॅनेजर हसत होता. मी तो काटा उचलला आणि सरळ बाहेर नेऊन कचऱ्याच्या डब्यापाशी आदळला. शिक्षा म्हणून महिनाभराची रात्रपाळी पदरात पडली आहे. पडू दे. त्या दिवशी पुढं एकाही बाईचं वजन झालं नाही.

काल बाजारात तुझा दादा भेटला. नोकरी सोडून इतके दिवस झाले तरी तू एक वेळच जेवतेस, आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला आहेस आणि परवा जिन्यात चक्कर येऊन पडलीस, हे त्यानं सांगितलं. म्हणून हे पत्र. तू खादाड नव्हतीस गं. रोज तुझ्या शेजारी बसून जेवले आहे मी. तुझं शरीर बिघडलं नव्हतं, फिरत्या पाळ्यांनी त्याला झोपू दिलं नव्हतं. त्या घाणेरड्या माणसानं तुझ्या मनात कालवलेलं थुंकून टाक. आणि आज दिवेलागणीला दादाबरोबर पोटभर जेव.

तुझीच,
शेजारच्या खुर्चीतली