दादाने जोडलेली पेटी

शुक्रवार, २१ ऑक्टोबर १९८८

दादाला जाऊन अजून महिना झाला नाही आणि कोंडाजी अकाउंटंट भर ऑफिसात म्हणतो — "पोपटने काय जोडून ठेवलंय देव जाणे!" माझ्या टाइपरायटरपाशी उभा राहून! सख्खी बहीण समोर बसली आहे, एवढं तरी बघावं माणसाने.

झालं असं की दसऱ्याची सुट्टी संपवून कॉम्प्युटर चालू केला, तर त्याला बाहेरची हार्ड डिस्क दिसेचना. बुटांच्या खोक्याएवढी ती पेटी दादाने, इथला कॉम्प्युटर तोच सांभाळायचा, उन्हाळ्यात मुंबईहून मांडीवर घेऊन आणली होती. जाड वायर, कॉम्प्युटरमध्ये नवीन कार्ड. एकामागून एक फ्लॉप्या घालत बसायला नको, कारखान्याचा सगळा हिशोब झरझर आत. "आनंदे, वायर नाय ही, आपल्या चौक गावचा हायवे हाय!" म्हणाला होता.

मी टाइप करत राहिले. मला चारचौघांत बोलता येत नाही.

शनिवार, २२

मॅनेजरसाहेबांनी वायर काढून पुन्हा घातली. काही नाही. "त्याला अर्धवटच येत होतं बहुतेक." अर्धवट! हेच साहेब पाहुण्यांना मुद्दाम ती पेटी दाखवायला न्यायचे — तेव्हा?

सोमवार, २४

स्टोअरचा नागू म्हणतो, "मशीनला पोपटची सवय लागली. आता दुसऱ्याला वळख देत नाय!" सगळे हसले.

दुपारी साहेबांनी मला आत बोलावून मजकूर सांगायला सुरुवात केली. हेड ऑफिसला पत्र. "कै. पोपट यांनी केलेली जोडणी सदोष असल्यामुळे —" माझ्याच हातून! माझी बोटं थांबली. म्हटलं, "साहेब, हे मी टाइप करणार नाही. आधी मुंबईचा इंजिनिअर बोलवा."

आवाज चढला असावा. बाहेर आले तर सगळे माझ्याकडेच बघत होते.

मंगळवार, २५

कोणी माझ्याशी बोललं नाही. बरं झालं.

गुरुवार, २७

शेवटी साहेबांनी बोलावलेला इंजिनिअर आला. पेटी फिरवून मागे बघितलं आणि म्हणाला, "इथलं बूच कुठाय?"

वायरीवरची जी शेवटची पेटी, तिच्या मोकळ्या टोकाला एक बूच लागतंच म्हणे. नसलं तर वायरीतून जाणारे कॉम्प्युटरचे निरोप टोकावर आपटून मागे फिरतात आणि सगळा घोळ होतो.

चांगो शिपायाचा चेहरा उतरला. कपाट उघडून त्याने फडक्याची पुरचुंडी आणली. आत दादाची पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि ते काळं बूच. सगळ्यावर हळदकुंकू!

खंडेनवमीला मी घरी, दहिवलीला होते. आम्हाला यंदा सण नाही. इथे यांनी हत्यारांच्या पूजेत दादाची हत्यारं मांडली होती.

"पोपटदादाचं कायतरी मांडाय पायजे ना, ताई. ही काळी डबी पेटीच्या मागं नुसतीच बसवलेली. तिला पुढं कायच जोडलेलं नाय. मला वाटलं, हत्यारच हाय त्याचं, ठेवलंय अडकवून." डोळ्यांत पाणी त्याच्या. त्याच्यावर काय रागवायचं?

इंजिनिअरने ब्रशने कुंकू झाडलं, बूच बसवलं. डिस्क लगेच दिसली. "ज्याने जोडलंय, चोख जोडलंय," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला!

आणि साहेब? "चला, चहा सांगा." कोंडाजी तर तडक आपल्या आकड्यांत. साधं "चुकलं" म्हणावं कोणी — छे! घरी येईपर्यंत अंगाची लाही होत होती.

शनिवार, ५ नोव्हेंबर

वहिनीने आज विचारलं, "ऑफिसात यांचं नाव काढतात का गं कोणी?"

पेटी सुरळीत चालली आहे. त्या दिवसापासून दादाचं नाव कोणीच काढलेलं नाही.