लपवलेला पाय

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांच्या कापलेल्या पायाची जखम भरली. पण इस्पितळातून मिळालेला नकली पाय बोचतो म्हणून त्यांनी तो पलंगाखाली सारलाय आणि भिंतीकडे तोंड करून पडून असतात. आईने ठेवलेलं ताट तसंच परत येतं. असेच पडून राहिले तर ते आपल्या हातचे जातील, ही मला धास्ती आहे.

डॉक्टर म्हणाले, उत्तम पाय बनवणारा तुमच्याच गल्लीत राहतो की. कोण असेल? आपला पायचोर! त्याच्या खिडकीत टांगलेले पाय बघून तूच शोध लावला होतास, की तो पोरांचे पाय कापतो. बाबाही त्यांच्याशी कधी धड बोलले नाहीत. आता कोणत्या तोंडाने जाऊ?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
चिंगी

११ मार्च

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

आहे त्याच तोंडाने जा, पावडर तेवढी कमी लाव. तो शोध माझाच. त्याला आपले दोन्ही पाय दिसू नयेत म्हणून खिडकीसमोरून एक पाय दुमडून लंगडी घालत जायचं, ही युक्तीही माझीच. सगळी गल्ली तशी शाळेत जायची! बाबांना विचारत बसू नकोस. ते नाहीच म्हणतील. सरळ जा.

आईला जप, माझ्यावरची माया पातळ करू नकोस.
तुझा,
दादा

२६ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ज्यांना आपण पायचोर म्हणायचो, ते काका लगेच आले. बाबांनी तोंड फिरवलं. काका स्टुलावर बसले आणि त्यांनी आपली पँट वर केली. दादा, त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली लाकडी आहे! अंधार पडल्याशिवाय ते बाहेरच पडत नसत, आपल्याला कळणार कसं? बाबांनी मान वळवून तो बघितला आणि ते आपणहून उठून बसले.

काकांनी साचा घेतला, नवा पाय केला, पुन्हापुन्हा येऊन कानशीने घासत त्याचं बोचणं काढलं. काल बाबा दारापर्यंत चालले. आई रडली, मीही रडले.

निघताना काकांनी मला विचारलं, की तुम्ही पोरं माझ्यासमोरून लंगडत जायचात, ते मला चिडवायलाच ना? म्हणूनच त्यांनी खिडकी कायमची लावून घेतली होती. मी सांगितलं, आम्ही घाबरून पाय लपवायचो. ते हसायला गेले, पण त्यांना हसता येईना. मला फार लाज वाटली, दादा.

लोभ आहेच, तो तुझ्या पत्रातून दिसू दे.
चिंगी

५ मे

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच तिकीट काढलं. पुढच्या महिन्यात येतोय. मला घ्यायला स्टेशनवर कुणी येऊ नका. बाबांना मात्र गल्लीच्या तोंडाशी थांबायला सांग. तिथून आम्ही दोघं काकांच्या घरासमोरून चालत येऊ, दोन्ही पाय टेकवत, अगदी सावकाश.

काकांना म्हणावं, तेवढी खिडकी उघडी ठेवा.

तुझा,
दादा