ऐकू न आलेला एक प्रसंग

प्रिय खारूताई,

परवा तू ‘बघू’ एवढाच निरोप पाठवलास. तुझं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे मला कळतं. तुझ्या आईचंही तसंच होतं. इकडे ठीक आहे. स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त झाला. भाजी अजून करपते, पण आता मी ती वरवरची काढून खायला शिकलोय. तुझी खोली झाडून ठेवली आहे, काही हलवलेलं नाही.

कान तपासायला गेलो तो दिवस सारखा आठवतो. तू काचेच्या खोलीत, कानांवर ते जाडजूड हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेर आल्यावर रस्त्यात तू मला काय खुशीत सांगितलंस! म्हणे, आवाज सोडताना काचेपलीकडच्या तपासणाऱ्या बाईंचा खांदा किंचित हलतो, दोन-तीनदा पाहिल्यावर तुला लय सापडली, मग एकही चुकला नाही. आपण दोघंही खो खो हसलो. बहिरेपणाच्या तपासणीत जिद्दीने पास होणारी तू पहिलीच असशील. मग अहवाल आला, ‘सौम्य दोष’, आणि कॉलेजने सवलतींचा अर्ज परत केला. वर्गात टिपणं लिहून देणारा सोबती नाही, तोंडी परीक्षेचे प्रश्न कागदावर नाहीत. त्या कार्यालयातले गृहस्थ वर मला म्हणाले, “अहो, मुलगी तर माझ्याशी किती छान बोलली! न ऐकणारी मुलं बघायची असतील तर आमच्या घरी या.” मी हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते, आणि रस्त्यातल्या हसण्याची वाटावी की नाही, हे ठरत नाही.

दोष कुणाला द्यायचा? तुझ्या आईला तर नाहीच. आरशासमोर तुला बसवून ती आवाज न काढता बोलायची आणि तू ओठांवरून ओळखायचीस. चुकलीस की म्हणायची, “खारूताई, बाकीचे कानांनी ऐकतात, तू डोळ्यांत तेल घालून ऐक.” तू इतकी तरबेज झालीस की शेजारपाजारचे विसरूनच गेले. मलासुद्धा कधीकधी विसर पडायचा. पण फळ्याकडे तोंड करून शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे ओठ कुठून दिसणार? आणि मागच्या तोंडी परीक्षेत विचारलं एक, तू सुरेख उत्तर दिलंस दुसऱ्याचंच. त्यांनी शेरा मारला, ‘अभ्यास नाही’. अभ्यास नाही! तुला! पुन्हा असं झालं तर वर्ष जाईल, आणि तू शिक्षणच सोडायचं म्हणतेस.

दुसरी एक तपासणी असते. डोक्याला तारा लावून निजवतात, हातात बटण देतच नाहीत. त्यासाठी वेळ घेऊन ठेवली आहे. ‘मला बहिरी म्हणवून घ्यायचं नाही,’ असं तू लिहिलं होतंस. मी त्यावर वाद घालणार नाही. येणं न येणं तुझ्यावर.

नव्या अर्जासोबत घरच्या माणसाने लिहून द्यायचं असतं, मुलीला काय ऐकू येत नाही ते. आजवर आम्ही दोघांनी लोकांना तुला काय काय येतं तेवढंच सांगितलं. पहिल्यांदा मी लिहिलं, ‘थोडं कमी ऐकू येतं.’ खोडलं. मग लिहिलं, पाठीमागून हाक मारली तर पोचत नाही. दिवे गेले की तिच्याशी बोलता येत नाही. चारजण हसले की तीही हसते, पण किंचित उशिरा. हे शेवटचं लिहून मी उठलो आणि बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो. मी तुझी तक्रार करतोय असं वाटत होतं.

शेवटी त्यांना एक ठळक प्रसंग हवा असतो. मला एकच सुचला. दवाखान्यातली ती शेवटची दुपार. आईच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. तिने तो काढायला हात उचलला, नर्सने परत बसवला. मग ती आतूनच बोलली. मी उशाशी होतो, मला ऐकू आलं. तू तिच्या डोळ्यांकडे बघत होतीस, कारण ओठ झाकलेले होते. ती तुझ्याकडे बघतच राहिली. तिला कळलं असावं. किंवा हे मी मागाहून ठरवलं असेल. त्यानंतर ती बोलली नाही. ती काय म्हणाली, हे तू मला कधी विचारलं नाहीस, आणि मी सांगितलं नाही, कारण सांगायचं तर आधी म्हणावं लागलं असतं की तुला ते ऐकू आलं नव्हतं.

कागद याच पाकिटात आहे. त्यावर तुझी सही लागते, म्हणजे तुला तो वाचावा लागणार. आईचे शब्द तुला पहिल्यांदा अर्जाच्या चौकटीत भेटू नयेत, म्हणून हे पत्र. ती म्हणाली, “उगाच हो म्हणत जाऊ नकोस गं. नाही ऐकू आलं तर परत विचार.” शेवटी ‘विचार’ म्हणाली की ‘विचारत जा’, याची मला खात्री नाही. बाकी हेच. आणि तू मान डोलावून म्हणालीस, “हो आई.”

तुझाच,
बाबा